लंबगोलातली आत्या

आमचे हे दुकान बंद करताना कुलूप लावतात, ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघतात. रेवदंड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. रिक्षावाले गाडी चालू ठेवून थांबतात, म्हणतात, "थांबा, बाळारामशेठचं कुलूप ओढून होऊ दे." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, आमच्या ह्यांच्या पाठी ब्रह्मराक्षसांचं वऱ्हाडच आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाबा बदलेल. आता मीच बदलले, थांबून राहते.

पण हातात कला आहे, हे मी कुणापुढेही सांगेन. आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटी निघायच्या तेव्हापासून त्यांची कव्हरं हे करतात. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या. आता पेनड्राइव्ह. टेंपोवाले, डंपरवाले, रिक्षावाले घेतात आणि गाडीत लावतात. पेनड्राइव्ह नखाएवढा असतो, पण त्याला पाकीट तळहाताएवढं लागतं. पाकीट नसेल तर देव कुठे लावणार आणि फोटो कुठे लावणार? फोटो लागणार नसेल तर आमच्याकडे कोरसला कुणी येणारही नाही. मी स्वतः कोरसला गाते, म्हणून सांगते.

ह्या पाकिटाची मांडणी ठरलेली. वर मधोमध देवी. तिच्याखाली नाव, पिवळ्या अक्षरात, त्याला लाल कड आणि लाल कडेला परत पांढरी कड, म्हणजे धावत्या गाडीतही वाचता यावं. मधे हिरव्या लुगड्यातली एक पोर, हातात हळदीची वाटी घेऊन हसणारी. ती गावातली नसते, ह्यांनी कुठून तरी आणलेला फोटो आहे. किती वर्षं झाली, तीच पोर. लुगड्याचा रंग तेवढा बदलतात. डावीकडे गायक, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. उजवीकडे निर्माता, हात जोडलेले, पण मनगटावरचं घड्याळ दिसलं पाहिजे. आणि खाली एक पट्टी, तीत कोरसवाल्या आणि वाजवणारे, एकेकाचा चौकोन बोटाच्या पेराएवढा. माझं तोंड त्या पट्टीत पुष्कळदा आलंय. माझ्या बहिणीला अजून सापडलेलं नाही.

राहिला लंबगोल. देवीच्या उजव्या अंगाला, झेंडूच्या फुलांची कड असलेला. तो गेलेल्या माणसाचा. जिवंत माणूस चौकोनात, गेलेला लंबगोलात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण माणगावपासून मुरुडपर्यंत कुणालाही विचारा. ज्या म्हातारीला अक्षर ओळखता येत नाही तीसुद्धा पाकीट हातात घेऊन सांगते, कोण आहे आणि कोण गेलं. एकदा पट्टीत जागा पुरेना म्हणून ह्यांनी रावजी ढोलकीवाल्याला लंबगोलात बसवला. रावजी घरी येऊन जे बोलला ते सांगण्यासारखं नाही. तो अजून ठणठणीत आहे, पण आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जातो.

रावजीच्या बोलण्याचा ह्यांनी असा धसका घेतला की तेव्हापासून एक नवीच खोड लागली. कव्हरवर कुणी वयस्क माणूस असलं, आजारी असलं, नुसतं खोकत जरी असलं, की हे दोन कव्हरं करायला लागले. एक चौकोनाचं, एक लंबगोलाचं. लंबगोलाचं कॉम्प्युटरमध्ये वेगळं ठेवायचं. म्हणे, "ऐन वेळी धावपळ नको, केसर." अहो, कसली धावपळ? मन चिंती ते वैरी न चिंती. मी एकदा विचारलं, "माझाही लंबगोल करून ठेवलाय की काय?" तर म्हणाले, "तुझा फोटो नीट नाही."

पुतळाबाई म्हणजे ह्यांची सख्खी आत्या. ह्यांची आई लहानपणीच गेली, आत्याने मांडीवर वाढवलं. आत्या धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवले गाणारी आली नाही तर मांडव खोळंबतो. हळद कांडण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं आत्याच्या गळ्यात. तिच्या आजेसासूकडून आलेली गाणी, कागदावर एकही नाही. कॅसेटींच्या काळापासून कितीतरी जणांनी ती तिच्याकडून गाऊन घेतली. पाकिटामागे लिहायचे, 'गीत-संगीत : पारंपरिक'.

तिचा नातू हितेश, साउंड सिस्टिमवाला. दिवाळीच्या आधी तो तिला अलिबागला स्टुडिओत घेऊन गेला, तिचे धवले रेकॉर्ड केले आणि खाली त्याचा तो धडधडाट घातला. नाव ठेवलं 'दारची हळद'. कोरसला आम्ही बायका होतोच. कव्हर अर्थातच ह्यांच्याकडे. आत्याचं वय बघता दोन झाली, हेही अर्थातच.

आणि आत्या आजारी पडली. छातीत कफ भरला, अलिबागला दवाखान्यात नेली, तिथे काचेच्या खोलीत ठेवली. आम्ही जाऊन बघून आलो. नाकात नळ्या, डोळे मिटलेले, हाक मारली तर पापणी हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात हितेशचा फोन आला. "काका, डॉक्टर बोलले, घरच्यांना बोलवून घ्या. होप कमी आहे. पण प्रेसवाल्याला आजच्या आज कव्हर पायजे, दिघीच्या हळदीत पाकिटं वाटायचा शब्द दिलाय मी. कुठलं पाठवायचं ते तुम्हीच बघा." फोन ठेवलाही त्याने. तोही रडवेला होता, त्याला काय बोलायचं?

ह्यांनी दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी लावली आणि बघत बसले.

मी म्हटलं, "अहो, श्वास चाललाय तिचा."

"चौकोनाचं पाठवलं आणि उद्या ती गेली तर? मेलेल्या बाईला जिवंतांच्या पट्टीत बसवली म्हणतील. सख्ख्या भाच्याने."

"आणि लंबगोलाचं पाठवलं आणि ती उठली तर?"

"डॉक्टर बोललेत, केसर."

त्यांनी लंबगोलाचं कव्हर माणगावच्या प्रेसला पाठवलं. मग मागे मोरीत गेले आणि पाय धुतले, मयताहून आल्यावर धुतात तसे. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

पुढचे दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. फोन वाजला की हे उभे राहायचे. आणि एका सकाळी हितेशचा फोन आला, आवाज फुललेला. "काका, आजीनं डोळे उघडले. पेज मागितली. मीठ कमी आहे म्हणून नर्सशी भांडली पण."

मी तिथेच पदर डोळ्याला लावला. आमच्या देवीला नारळ बोलले. वळून बघते तर हे खुर्चीवरून खाली उतरून फरशीवर बसलेले, चेहरा पांढराफटक.

"केसर, पाकिटं."

प्रेसला फोन केला, पाकिटं गेलेली. हितेशला केला, तर तो म्हणतो, "कालच उचलली काका. सगळा माल दिघीला पोचला, आज हळद आहे ना. थोडी इकडे रिक्षावाल्यांना दिली. आता कुठे परत मागत फिरू?" ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चपला शोधायला लागले. म्हणाले, "तिच्या नजरेला पडायच्या आत एकूणएक गोळा करायची. तिला हे दिसलं तर ती जगायची नाही. आपल्या माणसानेच आपल्याला गेलेलं धरलं, हे बघून कोण जगेल?" खरं सांगते, त्या वेळी मलाही तसंच वाटलं. दवाखान्यातून उठलेलं माणूस, त्याला असला धक्का सोसेल का?

दुकानाला कुलूप लावलं. ओढून बघितलं. परत येऊन बघितलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले.

गणराजची रिक्षा अगरदांड्यापर्यंत ठरवली. तिथून तरीने, म्हणजे बोटीने, खाडी ओलांडली की दिघी. मुरुड यायच्या आत ह्यांनी गणराजला दहादा विचारलं, बोट मिळेल ना, बोट सुटली नसेल ना. गणराज गरीब स्वभावाचा, प्रत्येक वेळी म्हणायचा, मिळेल शेठ. मग आरशातून माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वहिनी, आत्या फार चांगल्या होत्या. माझ्या हळदीला त्यांनीच गायलं."

मी म्हटलं, "होत्या काय?"

त्याने समोर बोट दाखवलं. काचेखाली गणपतीच्या शेजारी पाकीट टेकवून ठेवलेलं, आणि झेंडूच्या लंबगोलात आमची आत्या. "हितेशने काल दिलं. बघितलं आणि कळलं. आमच्या रिक्षाच्या ग्रुपवर पण टाकला मी फोटो."

"आहे ती. पेज खातेय."

गणराजने रिक्षा बाजूला घेतली आणि कानाला हात लावला. पण आता काय उपयोग? तेवढ्यात ह्यांचा फोन वाजायला लागला. चौलवरून साडू. बोर्लीवरून कुणी मामेभाऊ. सगळ्यांचा एकच प्रश्न, नेणार कधी? आम्ही पाकिटं गोळा करायला निघालो होतो आणि पाकिटावरचं चित्र आमच्या आधी सगळ्या तालुक्यात फिरून आलं होतं. ह्यांच्या डोक्यात कव्हर म्हणजे कागद. कागद परत घेतला की झालं, असं धरून चाललेला माणूस हा.

दिघीला मांडवात पोचलो तर आत्याचाच आवाज. भोंग्यावर धवला लागलेला, खाली हितेशचा धडधडाट, बायका हळदीने माखलेल्या नाचतायत. आम्हाला बघितलं आणि कुणीतरी गाणं बंद केलं. नवरीची आत्या येऊन माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके द्यायला लागली. हे म्हणाले, "ती आहे, ती आहे." पण ह्यांचा आवाज तो, शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

मग मी पुढे जाऊन माइक घेतला. म्हटलं, "पुतळाबाई जिवंत आहे. अलिबागला आहे. मीठ कमी पडलं म्हणून भांडतेय. पाकिटात चूक झालीय, ती परत द्या, आणि नाचा."

नाचायला लागल्या, पण पाकिटं देईनात. पेनड्राइव्ह काढून घ्या म्हणाल्या, कागद ठेवतो. एकीने तर चोळीत खुपसलं. "आत्याचा फोटो हाय, कशाला देऊ?" हे हात जोडून फिरत होते. एका टोपल्यात उरलेला गठ्ठा होता तो मिळाला, पिशवीत भरला. बाकीची सोडून दिली.

परत येताना तरीवर हे कठड्याला धरून पाण्याकडे बघत उभे. पिशवी घट्ट पोटाशी. मी हलकेच काढून घेतली, कारण खाडीत टाकतील अशी मला भीती, आणि कागद आहे तो, तरंगत बसेल.

"मी तिला मारली, केसर," हे म्हणाले. "श्वास चालू असताना मारली. चौकोन पाठवला असता तर काय झालं असतं? लोक बोलले असते. बोलू दिलं असतं."

मला राग येत होता आणि कीवही येत होती. म्हटलं, "मारली नाही तुम्ही. घाबरलात. घाबरट माणूस काही खुनी नसतो." अगरदांड्याला उतरतो तोच हितेशचा फोन. गावातल्या वेणूबाईने रडत रडत थेट दवाखाना गाठला होता, मयत ताब्यात घ्यायला. आत्या आता साध्या वॉर्डात होती आणि वेणूबाईच्या हातात पाकीट होतं.

गणराजने रिक्षा कशी हाकली ते विचारू नका. रेवदंडा आलं, गेलं, दुकानाकडे ह्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. अलिबागला दवाखान्याच्या पायऱ्यांवर हे उभेच राहिले. मी दंडाला धरून वर नेलं.

आत्या उशीला टेकून बसलेली. नळ्या निघालेल्या, केस कुणीतरी विंचरून दिलेले. शेजारी स्टुलावर वेणूबाई, मान खाली घालून चहा पीत. आणि आत्याच्या हातात पाकीट.

"ये रं बाला," आत्या म्हणाली. आवाज खोल गेलेला, पण तिचाच. "पोचवाला आलास मना?"

हे पलंगाच्या कडेला बसले आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. लहान मुलासारखे रडले. "चुकलो आत्या. डॉक्टर बोलले म्हणून. मी घाबरलो."

"तू कवा न्हाय घाबरलास?" ती म्हणाली. "लहान व्हतास तवा कोंबड्याला घाबरायचास. ऊठ. मना सांग, यो गोल मेलेल्याचा न?"

"व्हय."

"आन मी जगले असते, तं मना कुठं बसवली असतीस?"

ती पाकीट त्यांच्यासमोर धरून बसली. शेवटी ह्यांनी खालच्या पट्टीवर बोट ठेवलं, जिथे आम्ही कोरसवाल्या होतो. ह्यांच्या बोटाखाली आमच्यातल्या दोघी झाकून गेल्या.

"हितं?"

"हं."

आत्याने पाकीट डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं. मधल्या हिरव्या लुगड्यातल्या पोरीवर नख ठेवून म्हणाली, "आन ही कोन?"

"ती... हळदीची पोर आहे. असते तशी."

"गाते?"

"नाही."

"माझ्याच गल्यानं गाते म्हन की. त्या आदल्या सगल्या पाकिटांव पन हीच व्हती. मना वाटायचं, कोनाची लेक हाय ती." धाप लागली होती. मग म्हणाली, "मंग मेलेलीच बरी रं, बाला. मेल्याव निदान तोंड तं दिसतं."

वेणूबाईने कप खाली ठेवला. तिला धक्का बसेल म्हणून आम्ही खाडी ओलांडून आलो होतो, आणि धक्का बसला तो ह्यांना. आयुष्यभर देवीच्या शेजारी कुणाला बसवायचं याचीच काळजी केली ह्यांनी. मधे कोण बसलीय ते कधी बघितलंच नव्हतं, आणि पट्टीत बसणाऱ्या मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या हे कॉम्प्युटरसमोर बसले. पोरीला काढलं. मधे नुसता पिवळा रंग उरला, तो बघून हे दोनदा उठले, दोनदा बसले. मग आत्याचा फोटो तिथे आणला, लग्नात गाताना काढलेला, तोंड उघडं, हात वर. कड नाही, फूल नाही, चौकोन नाही, काही नाही. मागच्या बाजूला 'पारंपरिक' खोडलं आणि तिचं नाव घातलं.

हितेश आला आणि डोकं धरून बसला. "काका, मधे म्हातारी? कोण घेणार? पोर पायजेच ना मधे."

ज्या माणसाने गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नाही तो म्हणाला, "मग दुसरीकडून करून घे." हितेश उठला. जाताना म्हणाला, पाठवा माणगावला.

मी विचारलं, "आणि दुसरं? लंबगोलाचं?"

"नाही केलं."

"आत्याचं वय झालंय. उद्या काही झालं तर?"

"तरी मधेच राहील."

संध्याकाळी कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेलो आणि हे परत फिरले. मी म्हटलं, लागलंय हो. तर म्हणाले, कुलूप नाही. दुकान पुन्हा उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि करून ठेवलेले सगळे लंबगोल एकेक करून पुसायला बसले. गावातली निम्मी म्हातारी माणसं होती त्यात, झेंडूच्या कडेत, सगळी हिंडती-फिरती. मी मागे उभी राहून बघत होते.

शेवटी एक राहिला. हे त्याच्यावर थांबले, माझ्याकडे बघेनात. मीच होते. पुतणीच्या हळदीत हसताना काढलेला, नथ घातलेली, डोळे उघडे. चांगला नीट फोटो होता.